अठरा टक्क्यांचा अर्थ : मोबाईलवर काढलेला हृदयाचा हिशेब

दवाखान्यात येणारे ज्येष्ठ रुग्ण पूर्वी तक्रारीपासून सुरुवात करीत. धाप लागते, पायांवर सूज येते, चढण चढताना छाती भरून येते. अलीकडे त्यांच्यापैकी काहीजण आकड्यापासून सुरुवात करतात. मुलाने किंवा नातवाने मोबाईलवर एखादे अ‍ॅप उघडून दिलेले असते. त्यात वय, वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल भरलेले असते आणि खाली नारंगी पट्टीवर उत्तर आलेले असते : १८ टक्के. वसमत तालुक्यातील एका निवृत्त शिक्षकांनी असा मोबाईल माझ्यापुढे ठेवला आणि मोठ्या समाधानाने विचारले, "डॉक्टरसाहेब, अठराच टक्के ब्लॉकेज निघाले. अजून पुष्कळ अवकाश आहे ना?"

त्यांचा समज मुळीच वेडगळ नव्हता. आपल्याकडे हृदयाच्या संदर्भात 'टक्के' हा शब्द कानावर पडतो तो नांदेडला जाऊन अँजिओग्राफी करून आलेल्या आप्तांच्या तोंडून. कोणाची एक रक्तवाहिनी सत्तर टक्के बंद असते, कोणाची नव्वद. तेव्हा अठरा म्हणजे किरकोळच, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु मोबाईलमधील अ‍ॅपने त्यांच्या रक्तवाहिन्या पाहिलेल्याच नसतात. त्याने केवळ एक गणित मांडलेले असते, आणि त्या गणितातील अठरा टक्क्यांचा अर्थ अगदी निराळा आहे.

गावच्या पारावर आपल्याच वयाची शंभर माणसे बसली आहेत अशी कल्पना करावी. रक्तदाब आपल्याइतकाच, कोलेस्टेरॉल तितकेच, मधुमेह असल्यास तोही. येत्या दहा वर्षांत त्या शंभरांपैकी सुमारे अठराजणांना हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येईल आणि उरलेल्या ब्याऐंशी जणांना येणार नाही, एवढेच अ‍ॅप सांगते. आपण त्या अठरांमध्ये आहोत की ब्याऐंशींमध्ये, हे ते सांगू शकत नाही. या अर्थाने पाहिल्यास अठरा हा आकडा लहान नाही. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांच्या औषधांचा गांभीर्याने विचार करावा, तंबाखू आजच थांबवावी, असे सुचविणारा तो आकडा आहे. गुरुजींचे समाधान त्यामुळे ओसरले खरे, पण औषधाच्या गोळ्या ते आता नियमाने घेतात.

याच्या उलट प्रकारही घडतो. आकडा तांबडा दिसला की रात्रीची झोप उडते आणि दुसऱ्या दिवशी छातीचा सीटी स्कॅन करून घेण्यासाठी शहराची वाट धरली जाते. मेंदू आणि हृदय यांची 'संपूर्ण तपासणी' सवलतीत करून देणाऱ्या जाहिराती बऱ्याचदा त्याच मोबाईलवर, त्याच आकड्याखाली असतात, हा योगायोग समजू नये.

हा हिशेब आला कोठून?

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात फ्रेमिंगहॅम नावाचे एक गाव आहे. तेथे १९४८ साली ५,२०९ स्त्री-पुरुषांची नोंद करून एक अभ्यास सुरू झाला. दर दोन वर्षांनी त्यांना तपासायचे आणि कोणाला पुढे हृदयविकार होतो, कोणाला होत नाही, ते पाहत राहायचे, अशी त्याची साधी रचना होती. वय वाढले की रक्तदाब वाढणारच, त्यात विशेष ते काय, असे त्या काळी अनेक डॉक्टरही मानीत. वाढलेला रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान यांचा झटक्याशी असलेला संबंध या अभ्यासाने स्पष्ट केला. आज मोबाईलवर दिसणारी बहुतेक गणिते या अभ्यासाची मुले-नातवंडे आहेत.

प्रश्न असा, की फ्रेमिंगहॅमचे ते रहिवासी बहुतांशी युरोपीय वंशाचे गोरे लोक होते. त्यांचे कोष्टक सेनगाव किंवा कळमनुरीच्या माणसाला जसेच्या तसे लागू पडेल असे समजणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाने शिवलेला सदरा अंगात घालण्यासारखे आहे. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेले गणित ४० ते ७९ या वयोगटासाठी आहे. ते वंश विचारते तेव्हा भारतीय माणसाला 'इतर' या रकान्यात बसावे लागते. २०२३ साली तेथेच 'प्रिव्हेंट' नावाचे नवे गणित आले. त्यातून वंशाचा प्रश्न काढून टाकण्यात आला आणि मूत्रपिंडाच्या कार्याची भर पडली. इंग्लंडमधील 'क्यूरिस्क ३' हे २०१७ सालचे गणित २५ ते ८४ वर्षांपर्यंत चालते आणि त्यात 'भारतीय' असा स्वतंत्र पर्याय आहे. मात्र ते भारतीय इंग्लंडात राहणारे आहेत, तेथल्या हवेत आणि तेथल्या आरोग्यव्यवस्थेत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली जगाचे २१ विभाग पाडून प्रत्येकासाठी वेगळे तक्ते तयार केले. त्यांत दक्षिण आशियाचा तक्ता स्वतंत्र आहे. तो ४० ते ७४ या वयासाठी असून त्याचे दोन प्रकार आहेत. एकात कोलेस्टेरॉलचा आकडा आणि मधुमेह आहे की नाही ही माहिती लागते. दुसऱ्यात रक्ततपासणी नसली तरी चालते, कारण उंची आणि वजन यांवरून काम भागते. पाच टक्क्यांखाली हिरवा, मग पिवळा, दहाच्या पुढे नारंगी, विसाच्या पुढे तांबडा आणि तिसाच्या पुढे गडद तांबडा अशी त्याची रंगसंगती आहे. आमच्या भागात वापरायचेच असेल तर मी हा तक्ता पसंत करतो. अ‍ॅप कोणतेही असो, ते कोणत्या अभ्यासावर उभे आहे हे त्याच्या माहितीच्या पानावर लिहिलेले आहे का, एवढे आपल्या नातवाला पाहायला सांगावे. लिहिलेले नसेल तर ते अ‍ॅप काढून टाकावे. हिशेब दाखविण्याआधी ओटीपी, बँकेची माहिती किंवा फोनमधील सगळ्या ओळखीच्यांचे क्रमांक मागणारे अ‍ॅपही तत्काळ काढून टाकावे. हृदयाच्या हिशेबाला यांतले काहीही लागत नाही.

अ‍ॅप जे विचारीत नाही

या गणितांतील एक प्रश्न आपल्याकडे हटकून फसतो. 'आपण धूम्रपान करता का?' असे अ‍ॅप विचारते. ज्याच्या खिशात तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी आहे, दिवसातून आठ-दहा वेळा जो बार भरतो, तो अत्यंत प्रामाणिकपणे 'नाही' असे उत्तर देतो. पहाटे उठल्याबरोबर मिश्री लावणाऱ्या आजीसुद्धा 'नाही' म्हणतात. दोघांचेही उत्तर खरे असते, तरीही हिशेब खोटा निघतो. बावन्न देशांतील रुग्णांच्या एका मोठ्या अभ्यासात, ज्याचे तंबाखूविषयीचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले, केवळ तंबाखू चघळणाऱ्यांमध्येही हृदयविकाराच्या झटक्याचा संभव तंबाखूपासून दूर असलेल्यांच्या तुलनेत दुपटीहून अधिक आढळला. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. ती किती पाळली जाते, हे पानटपरीवर उभे राहणाऱ्याला सांगण्याची गरज नाही. माझ्यासमोर कोणी अ‍ॅपमध्ये माहिती भरू लागला तर तंबाखू चघळणाऱ्यालाही मी 'होय' याच खुणेवर बोट ठेवायला लावतो. यातून येणारा आकडा काटेकोर नसेल, परंतु 'नाही' म्हणून येणाऱ्या आकड्यापेक्षा तो सत्याला जवळचा असतो.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सुटते. बाळंतपणाच्या वेळी ज्यांचा रक्तदाब वाढला होता, त्यांना पुढील आयुष्यात हृदयविकाराचा धोका अधिक असतो. चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या प्रसंगाविषयी बहुतेक अ‍ॅप विचारीत नाहीत आणि आई आपणहून सांगत नाही. लेकीने किंवा सूनबाईने एखाद्या निवांत दुपारी हे विचारून ठेवावे.

ज्याचा काढायचा, त्याचा राहून जातो

या लेखात मला मुख्यतः जे सांगायचे आहे ते येथे येते. घरातील ज्याचा हिशेब काढायला हवा त्याचा न काढता आपण भलत्याचाच काढत बसतो, असे मला वारंवार दिसते.

पुण्याहून मुलगा सुटीत येतो. वडील शहात्तर वर्षांचे, चार वर्षांपूर्वी स्टेंट बसविलेला. मुलगा मोठ्या काळजीने त्यांचा धोका मोबाईलवर मोजतो. पण ही सारी गणिते ज्यांना अद्याप हृदयविकार झालेला नाही अशांसाठीच बांधलेली आहेत. ज्यांना एकदा झटका येऊन गेला, स्टेंट बसला, बायपास झाली किंवा पक्षाघात होऊन गेला, त्यांचा धोका अधिकच आहे. तो मोजायचा राहिलेला नाही, त्यावर उपचार चालू ठेवायचे आहेत. अ‍ॅपला स्टेंटची गोष्ट न सांगता आकडा काढला तर तो फसवा कमी येतो, आणि वडील म्हणतात, "बघ, मला काही नाही."

वयाचेही तसेच. या गणितांत सर्वांत जड वजन वयाचे असते. सत्तरी ओलांडलेल्या निर्व्यसनी, सडपातळ, रोज शेताला फेरी मारणाऱ्या माणसाचाही आकडा नुसत्या वयामुळे वर चढतो. काही तक्ते चौऱ्याहत्तरला थांबतात, काही एकोणऐंशीला. त्यापुढील वय भरताच अ‍ॅप उत्तर देत नाही, किंवा देऊ नये ते देते. पंचाऐंशीच्या आजीच्या बाबतीत तिला उठताना चक्कर येते का, ती पडली होती का, गोळ्या वेळेवर घेते का, हे विचारणे अधिक मोलाचे आहे.

आणि वडिलांचा हिशेब काढणारा तो मुलगा? तो पंचेचाळीस वर्षांचा आहे. दिवसभर खुर्चीत बसून काम, पोट सुटलेले, मागील पाच वर्षांत रक्तदाब कधी मोजलेला नाही, आणि वडिलांना एकसष्टाव्या वर्षी मधुमेह व पुढे हृदयविकार झालेला. वर ज्या बावन्न देशांच्या अभ्यासाचा उल्लेख केला, त्यातून असे दिसले की दक्षिण आशियातील माणसाला पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, तर इतरत्र तो सुमारे ५९ व्या वर्षी येतो. म्हणजे आपली माणसे जवळपास सहा वर्षे आधी गाठली जातात. अ‍ॅप खऱ्या अर्थाने उपयोगी आहे ते या चाळीस ते साठच्या पिढीला. हातात मोबाईल याच पिढीच्या असतो, आणि तो तिने स्वतःकडे कधी वळविलेला नसतो.

काही अ‍ॅप टक्क्यांऐवजी 'हृदयाचे वय' सांगतात. पंचेचाळिशीच्या माणसाला हृदय साठीचे असल्याचे कळले तर जो परिणाम होतो, तो पाच-सहा टक्के या शब्दांनी होत नाही. तरुण माणसाचा दहा वर्षांचा आकडा लहानच येतो, कारण वय कमी असते. त्यावर विसंबणाऱ्यासाठी ही पद्धत बरी.

गोळ्यांच्या संदर्भात मात्र सावध राहावे. रक्तदाबाची गोळी चालू असताना रक्तदाब १२४ येतो, तो अ‍ॅपमध्ये भरला की आकडा समाधानकारक दिसतो, आणि त्या आकड्याच्या भरवशावर गोळी बंद केली जाते. तीन-चार आठवड्यांनी तोच रुग्ण १८० घेऊन येतो. 'रक्तदाबाचे औषध चालू आहे का' या प्रश्नाचे उत्तर खरे भरावे, आणि आकडा कितीही चांगला आला तरी औषधाचा निर्णय आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

आकडा भरण्यापूर्वी मोजमाप

गणित कितीही चांगले असले तरी त्यात घातलेला रक्तदाब चुकीचा असेल तर उत्तरही चुकणारच. दवाखान्याचा जिना चढून आल्याबरोबर, चहा पिऊन, कोणाशी तावातावाने बोलत असताना घेतलेले मोजमाप निरुपयोगी असते. चहा, तंबाखू किंवा श्रम यांनंतर अर्धा तास जाऊ द्यावा. लघवीला जाऊन यावे. पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर सरळ ठेवून, मांडीवर मांडी न टाकता पाच मिनिटे शांत बसावे. पट्टा सदऱ्यावरून न बांधता उघड्या दंडाला बांधावा आणि हात हृदयाच्या पातळीवर टेकवावा. मोजताना बोलू नये. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. असे सकाळ-संध्याकाळ सात दिवस करून, पहिला दिवस वगळून, उरलेल्यांची सरासरी काढावी. घरी काढलेली ही सरासरी १३५/८५ किंवा त्याहून अधिक असेल तर ती वाढलेली समजली जाते. दवाखान्यातील मर्यादा १४०/९० आहे, कारण डॉक्टरांपुढे अनेकांचा रक्तदाब थोडा चढतोच. ज्येष्ठांचा रक्तदाब एकदा उभे राहूनही मोजावा. उभे राहिल्यावर तो फार घसरत असेल तर चक्कर येऊन पडण्याची भीती असते. नाडी अनियमित असणाऱ्यांच्या बाबतीत घरातील यंत्र गोंधळते, तेव्हा त्यांनी दवाखान्यातच मोजून घ्यावे.

दंडाला पट्टा न बांधता, मोबाईलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून रक्तदाब सांगण्याचा दावा करणारी अ‍ॅप मी घरात ठेवू देणार नाही. अमेरिकेत २०१४-१५ मध्ये असे एक अ‍ॅप मोठ्या प्रमाणावर विकले गेले. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या डॉक्टरांनी ते तपासले. २०१६ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की ज्यांचा रक्तदाब प्रत्यक्षात वाढलेला होता अशा पाचांपैकी जवळजवळ चौघांना अ‍ॅपने रक्तदाब वाढलेला नसल्याचे सांगितले होते. कॅमेरा नाडीचे ठोके मोजू शकतो, तेवढे काम त्याच्याकडून घ्यावे.

कोलेस्टेरॉल भरताना आणखी एक घोटाळा होतो. आपल्याकडील प्रयोगशाळा ते मिलिग्रॅममध्ये देतात, काही परदेशी अ‍ॅप मिलिमोलमध्ये मागतात. आपल्याकडील २०० म्हणजे तिकडचे सुमारे ५.२. शिवाय एचडीएलच्या जागी एलडीएल भरले की वाईट कोलेस्टेरॉल चांगले ठरते आणि हिशेब उलटा फिरतो. चष्मा लावून, कागद शेजारी ठेवून हे काम करावे.

छातीत दुखत असताना अ‍ॅप उघडू नये

अ‍ॅपचा आकडा दहा वर्षांचा असतो, आजच्या रात्रीचा नसतो. चारच टक्के धोका आला होता म्हणून छातीतील दडपण 'गॅस' समजून सोडा पीत बसलेल्या माणसाची वेळ निघून जाते. छातीच्या मध्यभागी आवळल्यासारखे होणे, ते जबड्याकडे, खांद्याकडे किंवा डाव्या हाताकडे सरकणे, सोबत दरदरून घाम येणे ही चिन्हे सर्वांना ठाऊक असतात. ज्येष्ठांमध्ये, स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये मात्र वेदना नसतानाही झटका येतो. अचानक लागलेली धाप, मळमळ, विलक्षण थकवा, थंड घाम एवढेच दिसते. अशा वेळी १०८ क्रमांकावर फोन करावा. रुग्णाला चालवत किंवा दुचाकीवर बसवून नेऊ नये. जवळच्या ज्या रुग्णालयात ईसीजी निघतो तेथे आधी पोहोचावे. रक्ताची गुठळी विरघळविणारे इंजेक्शन वेळेत मिळाले तर हृदयाचा स्नायू वाचतो, आणि सेनगावच्या एखाद्या खेड्यातून नांदेडपर्यंतचा रस्ता रात्री किती लांबतो हे येथे राहणारा प्रत्येकजण जाणतो. मनगटावरील घड्याळावरही विसंबू नये. अ‍ॅपल कंपनीच्या घड्याळात ईसीजी काढण्याची सोय आहे, परंतु ते हृदयविकाराचा झटका ओळखत नाही हे कंपनी स्वतःच सांगते.

मोबाईल नसला तरी

ज्या घरात स्मार्टफोन नाही, त्या घरात आशाताई एक कागद घेऊन येतात. त्याला 'सीबॅक' म्हणतात. तीस वर्षांवरील प्रत्येकासाठी तो भरला जातो. तो एकट्या हृदयाचा हिशेब नाही. मधुमेह, रक्तदाब यांसारख्या दीर्घकालीन आजारांच्या तपासणीला आधी कोणाला पाठवायचे, हे त्यावरून ठरते. मला तो अनेक अ‍ॅपपेक्षा अधिक आवडतो, कारण त्यात धूम्रपानासोबत तंबाखू, गुटखा, खैनी यांचीही विचारणा आहे, आणि त्याला मापपट्टीखेरीज काही लागत नाही.

त्याचे गुण असे : तीस ते एकोणचाळीस वयाला १, चाळिशीला २, पन्नाशीला ३ आणि साठीपुढे ४. तंबाखू पूर्वी किंवा कधीमधी घेत असल्यास १, रोज घेत असल्यास २. रोज मद्य घेत असल्यास १. कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रियांची ८० पेक्षा अधिक असल्यास १, त्याहूनही आणखी १० ने वाढलेली असल्यास २. आठवड्यात दीडशे मिनिटांपेक्षा कमी व्यायाम असल्यास १. आई-वडील किंवा भावंडांना रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार यांपैकी काही असल्यास २. बेरीज चाराच्या वर गेली की तपासणीला आधी जायचे.

साठी ओलांडलेल्याचे चार गुण वयानेच झालेले असतात, मग तंबाखू किंवा कंबर यांपैकी एकही गोष्ट पुरते. म्हणून ज्येष्ठांनी बेरीज करण्याच्या भानगडीत न पडता सरळ तपासणीला यावे. परंतु वर वर्णिलेल्या पंचेचाळीस वर्षांच्या मुलाचा हिशेब मांडून पाहा. वयाचे २, कंबर ९६ असल्याने १, व्यायाम नाही म्हणून १, वडिलांच्या आजाराचे २. तंबाखूला त्याने हातही लावलेला नाही, तरी बेरीज सहा झाली.

कंबर मोजताना पँटच्या पट्ट्याचा आकडा सांगू नये, तो पोटाखालचा असतो. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडल्यावर, पट्टी सैल न ठेवता मोजावे. तपासणी आपल्या गावच्या उपकेंद्रात म्हणजे आयुष्मान आरोग्य मंदिरात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. येताना जुने कागद, चालू गोळ्यांची पाकिटे आणि घरी सात दिवस लिहून ठेवलेला रक्तदाब सोबत आणावा. दिवाळीला पुण्याहून मुलगा आला असेल तर त्यालाही बरोबर घेऊन यावे.